तोफा मोजायच्या, माणसं मोजायची, का घोडे?

मागच्या आठवड्यात आमच्या इंजिन दुरुस्तीच्या शॉपवर एक जुनं ऑइल इंजिन आलं, पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावरचं, एक सिलिंडर, दोन्ही बाजूला मोठी फ्लायव्हीलं, हँडल मारून सुरू करायचं असतं ते. मालक म्हणाले दहाचं इंजिन आहे पण चरकाला ऊस घातला की दम तोडतंय, काय ते बघा. मी प्लेट पुसून बघितली, खरंच १० एचपी. शॉपवरचे आण्णा मागनं म्हणाले, "प्लेट काय वाचतोस, बोअर मोज." बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास.

आण्णांनी पन्नास वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेच केलंय. बोअर, स्ट्रोक, आरपीएम एवढं विचारलं आणि डोळे मिटून हिशोब करून म्हणाले, हे आठाच्या वर जायचं नाही, ही प्लेट दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची काढून बसवलीय. मालक बिचारे गप्पच झाले, त्यांनी दहाच्या भावानं घेतलं होतं.

योगायोग असा की त्याच रात्री मी इंग्लंडच्या वॉरियर या युद्धनौकेबद्दल वाचत होतो. जुन्या वाफेच्या जहाजांचा नाद मला पॉलिटेक्निकला असल्यापासून आहे, रात्री जेवण झालं की तासभर तेच. तर तिथं वाक्य होतं की १८६० सालची ही वॉरियर, त्या काळची जगातली सगळ्यात ताकदवान युद्धनौका, नौदलाच्या यादीत थर्ड रेट म्हणून बसत होती. आणि डोक्यात दिवसभराची ती प्लेट फिरायला लागली. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी रेट म्हणजे काय ते सांगतो कारण थर्ड रेट म्हटलं की आपल्याला वाटतं भंगार माल. तसं नव्हतं. शिडांच्या जमान्यात ब्रिटिश नौदलानं जहाजांचे सहा रेट केले होते, तोफांच्या संख्येवर. शंभर किंवा जास्त तोफा म्हणजे फर्स्ट रेट, तोफांच्या तीन डेकचं, म्हणजे तीन मजल्यांचं, प्रचंड जहाज, आणि खाली येत येत वीस-अठ्ठावीस तोफांचं सिक्स्थ रेट. थर्ड रेट म्हणजे बहुतेक ७४ तोफांचं जहाज, आणि खरी लढाई याच ७४ वाल्यांनी लढली कारण बांधायला परवडायचं, चालायला बरं आणि मारायला पण पुरेसं. लढाईच्या रांगेत उभं राहणारं नौदल म्हणजे मुख्यतः थर्ड रेट जहाजंच होती. सिक्स्थच्या खाली स्लूप वगैरे लहान लढाऊ जहाजं, त्यांना रेटच नाही.

पण हे तोफा मोजणं दिसतं तेवढं सरळ कधीच नव्हतं. कॅरोनेड म्हणून आखूड नळीच्या, जवळून जड गोळा मारणाऱ्या तोफा आल्या अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि त्या मोजायच्याच नाहीत असं बरीच वर्षं चाललं. म्हणजे जहाजावर असायच्या पण कागदावर नसायच्या. ३८ तोफांचं म्हणवणारं फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच डेक असलेलं जहाज, प्रत्यक्षात चाळीसच्या बरंच वर घेऊन फिरायचं. १८१७ साली हुकूम निघाला की आता सगळ्या मोजा. आणि त्याच १८१७ साली आपल्या मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानाचं त्रिंकोमाली फ्रिगेट पाण्यात उतरलं. डिझाइन ३८ तोफांच्या जातीचं, नव्या मोजणीनं ४६ चं झालं, पुढं १८४० च्या दशकात त्याच्या तोफा कमी करून, त्याही आधीपेक्षा मोठ्या बसवून, त्याला २६ तोफांचं कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटच्या खालच्या वर्गातलं जहाज, करून टाकलं. एकच जहाज, तेच सागवान, आणि तीन आकडे. हे जहाज अजून आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय, मुंबईचं लाकूड दोनशे वर्षं पाण्यात. मला एकदा जाऊन त्याच्या बाजूला हात लावायचा आहे.

बरं हे रेट ठरवायची एवढी गरज कशाला? शत्रूला कळावं म्हणून नाही. कॅप्टनचा पगार रेटवर ठरायचा. कुठल्या दर्जाचा अधिकारी जहाजावर जाणार, सुतार, गोलंदाज यांना किती मिळणार, माणसं किती द्यायची, सगळं रेटवरून. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. गावच्या जत्रेच्या मैदानात कुस्ती काय वजनावर लागते का? सकाळी पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग शंभरची, पाचशेची, हजाराची, आणि दिवे लागायच्या टायमाला एक नंबरची. कुस्तीचं नाव इनामावरनं. पंच जोड बघतात, हात धरून, मान बघून, तालीम विचारून, आणि मग ठरतं की ही पाचशेत बसतीय का हजारात. आता कोल्हापूरच्या खासबाग मैदानात सुद्धा लोक विचारतात ते एक नंबरला कोण आहे एवढंच, किलो कोण विचारत नाही. ब्रिटिश नौदलाचा रेट हा असाच इनामाचा आकडा होता, ताकदीचा अंदाज त्याच्या पोटात होता पण तो आकडा निघाला खजिनदाराच्या टेबलावर.

आता यात वाफ आली.

सुरवातीला वाफेच्या बोटी नौदलात आल्या त्या शिडांच्या जहाजांना ओढून बंदराबाहेर काढायला, १८२० च्या सुमारास. त्यांना कोण रेट देणार, टग होते ते. पण १८३० च्या दशकात गॉर्गन, सायक्लॉप्स अशा मोठ्या पॅडलवाल्या लढाऊ बोटी बांधल्या गेल्या आणि अडचण उभी राहिली. पॅडलची चाकं दोन्ही कुशीला, बरोबर जिथं तोफांची रांग असते तिथं. म्हणजे एवढं मोठं जहाज पण तोफा मोजाव्यात तर पाच-सहा, फार तर दहा-बारा, त्या पण पुढं मागं फिरत्या गाड्यावर, पण एकेक तोफ जबरदस्त, जुन्या जहाजावरच्या पाच तोफांना भारी. जुन्या तक्त्यानं बघाल तर यांना सिक्स्थ रेटचा पण हक्क नाही. आकारानं मात्र फ्रिगेटएवढ्या.

मग त्यांनी जे केलं ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून जरा बसलो. त्यांनी ठरवलं, ज्या वाफेच्या बोटीवर कॅप्टन नेमलाय ती फ्रिगेट, आणि जिच्यावर कमांडर, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, नेमलाय ती स्लूप. आधी जहाजावरून माणूस ठरायचा, आता माणसावरून जहाज. आणि हे वेडेपणानं केलं असं मला अजिबात वाटत नाही, त्यांच्यापुढं मोजायला दुसरं काही उरलंच नव्हतं, तोफांचा आकडा खोटा पडलेला आणि नवीन आकडा अजून हातात नव्हता.

नवीन आकडा म्हणून जो आला तो म्हणजे घोडे. अश्वशक्ती. आणि इथं मला आण्णांचा बोअर गेज आठवला.

त्या काळात इंजिनाची ताकद सांगायचे ती नॉमिनल हॉर्सपॉवरमध्ये, आपण नाममात्र एचपी म्हणू. हिशोब असा: पिस्टनचं क्षेत्रफळ चौरस इंचात, गुणिले ७, गुणिले पिस्टन मिनिटाला किती फूट चालतो ते, भागिले ३३,०००. यातला ३३ हजार तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, वॉटसाहेबांचा घोडा, मिनिटाला ३३ हजार फूट-पौंड. पण तो ७ कुठला? तो म्हणजे पिस्टनवर चौरस इंचाला सरासरी सात पौंड दाब पडतो असं धरून चालायचं. वॉटच्या काळातल्या इंजिनांना ते बरोबर होतं, बॉयलरचा दाब नावालाच असायचा आणि बहुतेक काम वाफ थंड करून पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधल्या व्हॅक्यूमनं व्हायचं. पण पुढं बॉयलर सुधारले, दाब दहा झाला, पंधरा झाला, वीस झाला, आणि सूत्रातला ७ तिथंच बसून राहिला. कारण इंजिनांचे सौदे त्या नाममात्र घोड्यांवर व्हायचे, एका घोड्याला इतके पौंड असा भाव, आणि एकदा भावाला आकडा चिकटला की तो काढणं किती अवघड हे उद्यमनगरात कुणालाही विचारा.

खरी ताकद मोजायची सोय नव्हती असंही नाही. इंडिकेटर नावाचं यंत्र वॉटच्या कारखान्यातच झालं, त्यात जॉन सदर्न नावाच्या त्याच्या माणसानं १७९६ च्या सुमारास पेन्सिल आणि सरकणारा कागद जोडला. छोटा सिलिंडर, आत स्प्रिंग, तो मोठ्या सिलिंडरला जोडायचा, पिस्टन पुढं मागं झाला की कागदावर एक बंद आकृती उमटते, पायातल्या बुटासारखी, आणि त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे त्या एका फेऱ्यात झालेलं काम. मला पॉलिटेक्निकला सरांनी ही आकृती फळ्यावर काढून दाखवली तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो. लोखंडाच्या बंद नळीत आत काय चाललंय ते बाहेर कागदावर स्वतःच्या हातानं लिहून देतंय इंजिन. याला इंडिकेटेड हॉर्सपॉवर म्हणतात.

या दोन घोड्यांमधल्या फरकानं एका प्रसिद्ध शर्यतीचा अर्थच बदलतो. ३ एप्रिल १८४५, ब्रिटिश नौदलाच्या रॅटलर आणि अलेक्टो या दोन वाफेच्या बोटी. रॅटलरला मागं पंखा म्हणजे स्क्रू, अलेक्टोला कुशीला पॅडल. दोघींच्या शेपट्या दोरानं बांधल्या आणि दोघींनी विरुद्ध दिशेला पूर्ण वाफ सोडली, रस्सीखेच. रॅटलरनं अलेक्टोला अडीच नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास वेगानं उलटं ओढत नेलं. हे चित्र सगळ्या पुस्तकांत असतं आणि खाली लिहिलेलं असतं की पंखा पॅडलपेक्षा श्रेष्ठ हे सिद्ध झालं. दोघींची प्लेट सारखी, २०० नाममात्र एचपी. पण त्या रस्सीखेचीत इंडिकेटरवर रॅटलरचं इंजिन अलेक्टोच्या जवळपास दुप्पट ताकद देत होतं. मग जोड कुठं बरोबरीची लागली? पंखा चांगलाच होता, नौदलानं पंख्याच्या बोटींच्या ऑर्डरी त्याआधीच दिलेल्या होत्या, पण ती कुस्ती बरोबरीची म्हणून लावली ती प्लेट वाचून. आण्णांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "दोघींचा बोअर कुणी मोजला नाही वाटतं." खरंतर बोअर मोजून पण कळलं नसतं, नाममात्र एचपी बोअरवरूनच निघते, फरक होता तो प्रत्यक्ष चालताना आत होणाऱ्या कामाचा. हे सांगितल्यावर ते बराच वेळ विचार करत बसले.

पंखा आल्यावर तोफांची रांग मोकळी झाली, म्हणून १८५० च्या दशकात जुनी व्यवस्था परत जमल्यासारखी वाटायला लागली. फ्रान्सनं ९० तोफांचं नेपोलियन बांधलं, ड्युप्युई द लोम या तिथल्या जहाज-रचनाकाराचं डिझाइन, आणि इंग्लंडनं आगामेम्नॉन, आणि जुनी शिडांची जहाजं मधनं कापून लांब करून त्यात इंजिनं बसवायला सुरवात झाली. मुंबईत १८१३ ला झालेलं कॉर्नवॉलिस, ७४ तोफांचं, ज्याच्यावर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला, त्यात सुद्धा १८५५ ला इंजिन टाकून ६० तोफांचं बंदर राखणारं जहाज केलं.

मग १८५६ ला नवीन तक्ता निघाला, त्यात तोफांबरोबर माणसं पण मोजायला घेतली. ११० तोफा किंवा हजार माणसं, फर्स्ट रेट. ८० तोफा किंवा आठशे माणसं, सेकंड. ६० तोफा किंवा सहाशे माणसं, थर्ड. त्याच्या खाली चौथ्या-पाचव्याला फक्त माणसं. आणि सहावा रेट म्हणजे बाकी सगळी जहाजं ज्यांच्यावर कॅप्टन आहे ती. परत कॅप्टन! विचार तसा वाईट नव्हता, जड तोफेला माणसं जास्त लागतात, म्हणजे माणसं मोजली की तोफेचा जडपणा आपोआप हिशोबात येतो. पण चारच वर्षांत वॉरियर आली.

वॉरियर ४२० फूट लांब, लोखंडी सांगाडा, साडेचार इंच जाड लोखंडी पत्रा आणि त्यामागं अठरा इंच सागवान. वेग १४ नॉट. तोफा फक्त ४०, सगळ्या मुख्य तोफा एकाच डेकवर, आणि एकच डेक तोफांचा असेल तर शिडांच्या भाषेत ते फ्रिगेट, म्हणून हिचं नाव चिलखती फ्रिगेट. माणसं सातशेच्या आसपास, म्हणून तक्त्यात थर्ड रेट. तिच्याच आगेमागे १२१ तोफांचं तीन डेकचं लाकडी व्हिक्टोरिया नौदलात होतं, फर्स्ट रेट. या फर्स्ट रेटचे गोळे वॉरियरच्या पत्र्यावर आपटून पडले असते आणि वॉरियरच्या एका डेकच्या तोफांनी ती लाकडाची इमारत पेटवली असती, हे दोन्ही कॅप्टनांना माहीत होतं, फक्त तक्त्याला माहीत नव्हतं.

आणि तोफा, माणसं सोडा, वॉरियरचे बाकीचे आकडे पण बघा. बिल्डर्स मेजरमेंट म्हणजे जहाज बांधणाऱ्यांच्या जुन्या मापानं ती ६,१०९ टन. खरं विस्थापन, म्हणजे ती जेवढं पाणी बाजूला सारते त्याचं वजन, ९,१३७ टन. कारण जुन्या मापात खोली मोजतच नव्हते, रुंदीच्या निम्मी धरायचे. इंजिनाची प्लेट १,२५० नाममात्र एचपी, आणि इंडिकेटरवर पाच हजारांच्या वर. चार पटीपेक्षा जास्त! त्या गुऱ्हाळवाल्याच्या इंजिनाच्या अगदी उलटं. एका जहाजावर चार आकडे आणि एकही आकडा जहाज काय आहे ते सांगत नाही. मला या जहाजाबद्दल जे प्रेम वाटतं ते या कारणानं पण आहे, मोजणाऱ्यांच्या सगळ्या पट्ट्या तिनं एकदम तोकड्या केल्या.

अमेरिकेत यादवी युद्धात तर त्याहून पुढं. ८ मार्च १८६२ ला दक्षिणेच्या व्हर्जिनिया नावाच्या चिलखती बोटीनं एका दिवसात कंबरलँड आणि काँग्रेस ही दोन लाकडी जहाजं संपवली आणि दुसऱ्या दिवशी तिला अडवलं उत्तरेच्या मॉनिटर या बोटीनं. मॉनिटरवर तोफा किती? दोन. फिरत्या बुरुजात. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेनं कायदा करून चार वर्ग पाडले आणि ते पाडले अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर, पहिल्या वर्गावर कमोडोर, दुसऱ्यावर कॅप्टन, तिसऱ्यावर कमांडर, चौथ्यावर लेफ्टनंट कमांडर. फिरून तेच.

नावं चुकीची असली की नुसता कागद बिघडतो असं नाही. १८७० चं कॅप्टन नावाचंच जहाज, बुरूज बसवलेलं, पण खोल समुद्रात जायचं जहाज म्हणजे शिडं पाहिजेतच या समजुतीनं त्यावर पूर्ण डोलकाठ्या पण उभ्या केल्या. कूपर कोल्स या नौदल अधिकाऱ्याचं डिझाइन, डेक पाण्यापासून आठ फूट वर राहणार होतं, बांधताना वजन वाढलं आणि ते साडेसहा फुटांच्या आसपास आलं. ६ सप्टेंबरच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, वादळात उलटलं, पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, कोल्स स्वतः पण. पुढच्या वर्षी डिव्हास्टेशन पाण्यात उतरलं, चार तोफा, शिडं नाहीतच. तिला फ्रिगेट म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

अशीच दोन आपल्या दारात उभी होती. मॅग्डाला आणि ॲबिसिनिया. १८७० ला मुंबई बंदर राखायला म्हणून बांधलेली बुटकी बुरूजवाली जहाजं, चार-चार तोफा, आणि विसाव्या शतकाच्या सुरवातीला विकेपर्यंत मुंबईतच. त्यांचा वर्ग किनारा-रक्षक, म्हणजे इथं प्रश्न विचारला गेला की हे जहाज करणार काय, आणि त्यावरून नाव दिलं. मला वाटतं खरी वाट इथं सापडली. १८८० च्या दशकात फ्रिगेट, कॉर्व्हेट ही नावं काढून क्रूझर आलं, त्यात पहिला दुसरा तिसरा वर्ग, चिलखती जहाजांना बॅटलशिप. १८९३ ला टॉर्पेडो बोटींना मारणारी हॅव्हॉक आली तिचं नावच टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर, कामच नाव झालं.

आणि हे आपल्याकडं आधीपासून होतं हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. गुराब, गलबत, मचवा, शिबाड, या आपल्या आरमारातल्या जहाजांच्या जाती. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचा, नाकावरनं तोफा मारणारा, गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वेगानं जाऊन चढाई करणारं. नाव घेतलं की काम कळायचं. कोल्हापूरला समुद्र नाही म्हणतात पण अठराव्या शतकात मालवण, सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींचं होतं आणि ही आरमाराची माणसं आपलीच होती. १७६५ ला इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, वर्षभरात परत द्यावं लागलं, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. त्यानंतर वीस वर्षं व्हायच्या आत, मार्च १८३० ला, मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे ही वाफेची बोट सुएझला निघाली, एवढा कोळसा भरून की माणसांच्या खोल्यांत पण कोळसाच. किनारा हातात राहिला असता तर वाफेची पहिली बोट मालवणात कशी दिसली असती, याचा मी फार वेळा विचार करतो.

काल त्या इंजिनाची टेस्ट घेतली. लायनर नवीन, रिंगा नवीन, नोझल सेट केलं. मग आण्णांनी माळ्यावरनं जुना रोप ब्रेक काढायला लावला, कितीतरी वर्षांनी. फ्लायव्हीलवर दोर, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग काटा, पोरगा पाणी ओततोय, मी आरपीएम वाचतोय आणि आण्णा काट्याकडं बघतायत. तीन वेळा घेतलं. साडेसात. आण्णांनी मालकांना बोलवून काटा दाखवला, चरक किती नंबरचा लावायचा ते सांगितलं, मग ती दहाची प्लेट काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला नंबरपंचनं स्वतः ७.५ ठोकून परत बसवली.